सर्व्हरला दिलेलं हमीपत्र

कॉलेजच्या कम्प्युटर लॅबची किल्ली दुपारी बारा ते दोन माझ्याकडे असायची. ही परवानगी सरांनी तोंडी दिली होती. मलाच का दिली, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं तर ती जाईल असं वाटायचं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे कुठली गोष्ट हक्काची आणि कुठली मेहेरबानीची, हे मला नीट कळत नसे. मी सगळंच मेहेरबानीचं धरून चालायचे.

लॅब म्हणजे लांबट खोली, भिंतीला लागून अकरा कम्प्युटर आणि कोपऱ्यात काचेच्या पार्टिशनमागे सर्व्हर. त्यावर लिनक्स होतं. तालुक्याच्या गावात तेव्हा लिनक्स म्हणजे काय हे सांगू शकणारी माणसं बहुधा दीडच होती, एक सर आणि अर्धी मी. शेवटच्या वर्षाला आम्ही बावीस जण होतो आणि बावीस जणांचे प्रोजेक्ट त्या एका मशीनवर होते. फ्लॉपी धुळीनं आठवड्यात खराब व्हायची, म्हणून सरच म्हणायचे, "सर्व्हरवर ठेवा, तिथं धोका नाही."

शनिवारी बाहेरचे परीक्षक येणार होते. त्याआधी सोमवारी विद्यापीठाचं पत्र आलं की प्रोजेक्टमधला अहवाल नुसत्या आकड्यांत नको, आलेखही दिसायला हवा. आमच्या सर्व्हरवर आलेख काढणारं पॅकेज नव्हतं. सर म्हणाले, "एवढं एक टाकायचं आहे. बघशील का?"

मी हो म्हणाले. मला नाही म्हणता यायचं नाही.

पॅकेज एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर होतं. मंगळवारी मी ते टाकायला गेले तर मशीननं उत्तर दिलं की याला चित्रांची अमुक लायब्ररी लागते, ती इथं नाही. म्हणजे ज्याच्या आधारानं हे चालणार ते आधी आणा. लायब्ररी सीडीवर सापडली. ती टाकायला गेले तर तिला आणखी एक हवी होती. त्या एकीला आणखी दोन. मी प्रॅक्टिकलच्या वहीच्या शेवटच्या पानावर नावं लिहून एकीकडून दुसरीकडे बाण काढत गेले. बुधवारी दुपारपर्यंत पान भरलं आणि सगळे बाण खाली एकाच नावापाशी येऊन थांबले. ती होती मशीनची मूळ सी लायब्ररी. मशीनमधला जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम तिच्यावर उभा असतो. आमच्याकडची जुनी होती, सीडीवरची सगळी पॅकेजं नवी मागत होती. आणि नवी टाकायला गेलं की मशीन पडदाभर यादी दाखवायचं, की हे सगळे जुनीवर अवलंबून आहेत, त्यांचं काय?

हा प्रकार मला ओळखीचा वाटला, आणि घात तिथंच झाला.

पहिल्या वर्षाच्या प्रवेशाला फी माफीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. दाखल्याला तलाठ्याचा अहवाल. अहवालाला रेशनकार्ड. आमचं रेशनकार्ड थोरल्या काकांबरोबर एकत्र, ते वेगळं करायला आणखी कागद. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, युसूफ वडगावात छोटं किराणा दुकान. कपाळाला विभूती लावून सकाळी सातला दुकान उघडणारा माणूस आठ दिवस दुकान सोडून माझ्याबरोबर तालुक्याला खेटे घालत होता. शेवटी कॉलेजच्या ऑफिसातल्या क्लार्कनं चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "कावून पळापळ करताय मालक? हमीपत्र लिहून द्या. दाखला पंधरा दिवसांत आणून देतो म्हणा. सही करा. झालं."

अप्पांनी जपून सही केली. प्रवेश झाला. दाखला आम्ही तीन वर्षांत दिला नाही आणि कुणी मागितलाही नाही.

सरांच्या जाड पुस्तकात मला एक शब्द सापडला, नोडेप्स. कमांडच्या मागे तो लावला की मशीन आधाराची विचारपूस न करता पॅकेज टाकून देतं. शेजारी फोर्स असाही एक शब्द होता. खाली बारीक अक्षरात सूचना होती. ती मी वाचली नाही असं नाही. वाचली, आणि मनात म्हणाले, ऑफिसातही नियमांचा बोर्ड असतोच की. हे हमीपत्रच आहे. आता आत येऊ दे, बाकीचं नंतर आणून देते.

साडेबाराला मी दोन्ही शब्द लावून नवी सी लायब्ररी टाकली. मशीननं मुकाट्यानं घेतली. मला इतका आनंद झाला की मी पार्टिशनच्या काचेत स्वतःकडे बघून हसले.

मग फाइलींची यादी बघायची साधी कमांड दिली. लायब्ररी उघडता येत नाही, असं उत्तर आलं. दुसरी कमांड दिली. तेच उत्तर. तिसरी, चौथी, कॉपी करायची, पुसायची, मशीन बंद करायची. प्रत्येकीला तेच.

पुस्तकात कुठं तरी वाचलेलं आठवलं की काही मोजक्या गोष्टी शेलच्या, म्हणजे कमांड ऐकून घेणाऱ्या प्रोग्रॅमच्या, पोटातच असतात, त्यांना बाहेरचा प्रोग्रॅम लागत नाही. इको हा त्यातला एक. इकोपुढे चांदणी टाकली तर फोल्डरची नावं दिसतात. मी टाकली. एक, दोन, तीन, चार... बावीसपर्यंत सगळे रोल नंबर ओळीनं आले. म्हणजे प्रोजेक्ट होते. फक्त त्यांना हात लावता येत नव्हता. बंद दुकानाच्या फटीतून पोती दिसावीत तसे ते दिसत होते.

तेवढ्यात लॅबचे मामा दारात आले. मामा म्हणजे लॅबचे शिपाई, निवृत्तीला आलेले, सगळ्या मुलींना ताई म्हणणारे.

"ताई, आज लाईट दोनला जाणार हाय बरं का. तुमचं आवरा."

"मामा, आज नाही गेली तर?"

"माझ्या हातात असती तर आमच्या घरची जाऊ दिली असती का मी?" ते हसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कावून वो, रुसला का डबा?"

लाईट गेली की यूपीएस वीस मिनिटं चालायचा. मग मशीन बंद, आणि बंद झालेलं ते पुन्हा उठणार नाही हे मला कळत होतं. समोर जो काळा पडदा उघडा होता तेवढाच धागा हातात होता. त्या धाग्यानं मी काहीच करू शकत नव्हते, तरी तो सोडवत नव्हता.

सव्वाला माझ्या वर्गातला एकजण आला. हा शिरूर कासारचा. त्याचे आईवडील दर हंगामाला ऊसतोडीला जायचे, आणि त्यानं प्रोजेक्ट केला होता कारखान्यावर येणाऱ्या गाड्यांच्या नोंदीचा. कुठली टोळी, कुठली गाडी, किती वाजता आली, वजनकाट्यावर किती वेळ थांबली. सुट्टीत कारखान्याच्या गेटवर बसून त्यानं खऱ्या नोंदी वहीत उतरवल्या आणि दिवाळीपासून एकेक करून मशीनमध्ये भरल्या होत्या. एका बोटानं टाइप करायचा.

"मॅडम, आलेख निघाला का? माझ्या गाड्या सकाळी आठला लई तुंबतात. आलेखात ते असं डोंगरावानी दिसंल बघ."

"अजून नाही," मी पडद्यापुढे सरकून बसले. "संध्याकाळी ये."

"घाबरलीस कावून? परीक्षक काय खातो का?" असं म्हणून तो गेला. त्याची ती वही कुठे आहे, अजून आहे का, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. विचारलं असतं तर त्याला कळलं असतं. मी विचारलं नाही.

पुढचा अर्धा तास मी काय केलं ते मला लाजेनंच आठवतं. मी मनात वाक्यं जुळवत बसले. 'सर, मशीन आपोआप बंद पडलं.' 'सर, लाईट गेली आणि मग चालूच झालं नाही.' लाईट तर जाणारच होती. दोन वाजेपर्यंत गप्प बसलं की दोष वीज मंडळाचा. कुणाला कळलं नसतं. सरांना कदाचित कळलं असतं, पण तेही बोलले नसते. हमीपत्रासारखंच ते फायलीत राहिलं असतं.

दोनला दहा कमी असताना मी मामांना सर्व्हरपाशी बसवलं, "कशालाच हात लावू नका" म्हणाले, आणि स्टाफरूमकडे पळाले. सर डबा खात होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, बाणांपासून फोर्सपर्यंत. त्यांनी घास ताटलीत ठेवला.

"नोडेप्स लावलंस? सी लायब्ररीला?"

"हो सर."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

आम्ही लॅबमध्ये पोचलो तेव्हा लाईट गेली होती आणि यूपीएस टिट-टिट करत होता. मामा खुर्चीत ताठ बसून पडद्याकडे बघत होते, जणू नजर हटली तर ते बंद पडेल. सरांनी दोन-तीन कमांड देऊन बघितल्या. मग हात मागे घेतले.

"बंद होऊ दे."

"सर, मग उठणार नाही."

"बंद झाल्याशिवाय दुरुस्तच करता येणार नाही. ज्या सीडीवरून हे मशीन पहिल्यांदा बसवलं ती हवी. तिच्यावरून मशीन चालू करायचं, बाहेरून आत शिरायचं आणि जुनी लायब्ररी जागेवर ठेवायची. पण सीडी माझ्याकडे नाही. औरंगाबादला मित्राकडे आहे."

पडदा विझला. रोल नंबरही गेले.

एसटीडी बूथवरून सरांनी फोन लावला. ठरलं असं की मित्रानं सीडी सकाळी सोलापूरच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची. ती गाडी आमच्या गावाकडे वळत नाही, म्हणून मांजरसुंब्याच्या फाट्यावर कुणी तरी ती उतरवून घ्यायची. मला वाटलं सर मामांना पाठवतील. ते म्हणाले, "तू जा."

गुरुवारी मी नऊपासून फाट्यावर उभी होते. धाब्यांसमोर ट्रक, गाड्यांमागे धावणारे भेळवाले, आणि मी प्रत्येक एसटीच्या पाटीकडे मान उंचावून बघतेय. सोलापूरची पहिली गाडी आली. कंडक्टर म्हणाला, "न्हाई बा, माझ्याकडं कुणी काय दिलं न्हाई." गाडी गेली. चहावाल्या काकांनी विचारलं, "कुणाची वाट बघतीस, लेकी? पाव्हणे येणारेत का?"

"पार्सल यायचंय."

"मग येतंय की. पार्सलला काय पाय हायेत, वाटंत उतरायला?"

दुसऱ्या सोलापूर गाडीच्या कंडक्टरनं खिडकीतूनच वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं धरलं आणि ओरडला, "कम्प्युटरवाली कोण हाय?" अख्खी गाडी माझ्याकडे बघायला लागली. मी हात वर केला. परतीच्या गाडीत ते पुडकं मी मांडीवर सपाट धरून बसले. सीडी उभी धरली तर काय होतं हे मला माहीत नव्हतं, पण काही होऊ नये एवढंच वाटत होतं.

दुपारी सरांनी त्या सीडीवरून मशीन चालू केलं. कमांड मला द्यायला लावल्या, स्वतः मागे उभे राहिले. जुनी लायब्ररी परत ठेवताना फोर्स लागतो, हे तेव्हा कळलं. तो शब्द टाइप करताना माझं बोट अडलं.

"लाव," सर म्हणाले. "आता आपल्याला माहीत आहे आपण काय ढकलतोय."

मशीन उठलं. मी पहिली कमांड दिली ती यादीची. बावीसही फोल्डर आले. सात नंबर उघडून बघितला, गाड्यांच्या नोंदी शेवटच्या ओळीपर्यंत होत्या. मी टेबलावर डोकं टेकवलं.

आलेखाचं पॅकेज त्याच सीडीवर होतं. जुनं, पण आमच्या मशीनच्या वयाचं. त्याला ज्या लायब्ररी हव्या होत्या त्याही तिथंच होत्या. मासिकाची नवीकोरी सीडी बघून मला जुन्यात शोधावंसंच वाटलं नव्हतं. अर्ध्या तासात काम झालं.

मग सरांनी विचारलं, "पण एवढी यादी समोर दिसत असताना तू पुढं गेलीस कशी?" मी त्यांना अप्पांचं हमीपत्र सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "माझंही एक आहे त्या ऑफिसात," आणि किल्लीसाठी हात पुढे केला. मी दिली.

संध्याकाळी मी सात नंबरवाल्याला सगळं सांगितलं. सांगायची गरज नव्हती, त्याच्या गाड्या जागेवर होत्या. पण त्याचा आलेख मी काढून दाखवत असताना तो "तुझ्यामुळं झालं" असं म्हणायला लागला, आणि ते मला ऐकवेना.

"म्हंजे काल मी आलतो तवा माझं गेलतं?"

"हो."

"आन तू मला संध्याकाळी ये म्हणालीस."

"हो."

तो उठून बाहेर गेला. शुक्रवारी मला बघून त्यानं वाट बदलली. शनिवारी परीक्षकांनी त्याचा सकाळी आठचा डोंगर बघून दोन प्रश्न जास्त विचारले आणि तो घडाघडा बोलला. बाहेर आल्यावर तो माझ्यापाशी आला आणि नव्या फ्लॉपीचं न फोडलेलं खोकं माझ्यापुढे धरलं.

"सगळं ह्यात घालून दे. दोन-दोन कॉप्या. तुझ्यावर आता भरवसा न्हाई आपला."

मी म्हणाले, किल्ली आता माझ्याकडे नाही, सरांना विचारावं लागेल.

"विचार की मग," तो म्हणाला. "मी हितंच थांबतो."

मी स्टाफरूमकडे निघाले. किल्ली मागायची ती माझी पहिलीच वेळ होती.