बियाचा दोडका

सुभद्रामावशी सकाळी चुलीतली राख घेऊन परसात जायची आणि पानापानांवर भुरभुरवत वेलींना शिव्या द्यायची. "नुसती पानां वाढयतंस, फळ खंय?"

गावात, पार्शात, आमची घरे शेजारी. तुयेच्या कारखान्यातली माझी नोकरी सुटली, तेव्हा तिनेच हाक मारली. "घरात बसून भिंती कित्याक बघतंस? माझे गुडघे गेले. परसू सांभाळ."

त्या पावसाळ्यात मी पहिल्यांदाच भाजी लावली. भेंडी कुजली, मिरचीची रोपे गोगलगायींनी खाल्ली. दोडक्याने मात्र मांडव भरला. त्यातल्या सर्वांत देखण्या दोडक्याला मावशीने लाल चिंधी बांधली. मला वाटले, दृष्ट लागू नये म्हणून.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी चिंधी सोडून तोच दोडका मी काढला आणि आमच्या गणपतीवरच्या माटोळीला, म्हणजे फळे-भाज्या बांधायच्या लाकडी चौकटीला, टांगला. माझ्या हातचे पहिले फळ! संध्याकाळी मावशी मांडवाखाली कावरीबावरी होऊन शोधताना दिसली, तेव्हा कुठे तिच्याकडून कळले की तो बियासाठी राखला होता; बाकीच्या वाकड्यांचे बी ती धरत नसे. मी घाबरून म्हणालो, "माकडाने नेला असेल."

दुसऱ्या दिवशी ती दर्शनाला आली. हात जोडून वर पाहिले आणि माटोळीतला दोडका पाहतच राहिली.

"देवा, माकड बरो भक्त मरे तुझो!"

घरचे सगळे हसले. मला मान वर करता येईना. पाहुणे गेल्यावर मी तिच्या ओट्यावर जाऊन सगळे कबूल केले.

"देवाक दिलंस, तेचा काय ना," ती म्हणाली. "पण माझ्या आवयचां बियाणां तां. हिरव्या दोडक्यात कसला बी?" मग तिने नदीच्या दिशेने हात केला. "तेरेखोलाक भाची आसा. तिका गेल्या वर्सा दिलंय. वाटलेला बियाणां मरना. जा, माग तिच्याकडे. आणि माकडाचा नाव घेव नको."

मी फेरीबोटीने नदी ओलांडून गेलो. दारात उभे राहून खरे ते सांगितले. भाची पोट धरून हसली, चहा दिला आणि कागदाच्या पुडीत मावशीच्या आईच्या वाणाच्या मूठभर काळ्या बिया दिल्या.

मावशी शिमग्यानंतर गेली. यंदा त्या बिया मी पेरल्या. चतुर्थीला माटोळीला वाकडे दोडके बांधले. सर्वांत देखणा अजून वेलीवर वाळतो आहे, लाल चिंधीसकट.

"दृष्ट लागू नये म्हणून?" येणारेजाणारे विचारतात.

"नाही, बियासाठी. वाळला की या, तुम्हालाही देतो," मी म्हणतो. मग त्यांना माकडाची गोष्ट सांगतो. तिच्यात माकड नव्हते, हे आधी सांगतो.