खर्जातली हाक

सोयाबीनच्या मळणीची धूळ संध्याकाळच्या उन्हात तांबूस होऊन तरंगत होती, आणि तिचा कोरडा, किंचित आंबूस वास धाराशिवच्या त्या सभागृहात आमच्या मागोमाग आत आला. मुंबईचा वाद्यवृंद रशियन आणि आधुनिक पाश्चात्त्य रचना वाजवणार हे कळल्यापासून मी हरखले होते. पुण्यात हेच संगीत ऐकत मी मोठी झाले. नवऱ्याला मळणीतून सवड नव्हती, म्हणून बेंबळीहून माझ्यासोबत वन्सं आल्या. नवऱ्याची ही थोरली बहीण लहानपणी भूकंपाच्या ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेली. आई त्यात गेली. अंगणात निजलेला धाकटा भाऊ, म्हणजे माझा नवरा, वाचला. वन्सं त्याविषयी कधी बोलत नसत.

पहिली रशियन रचना माघातल्या धुक्यासारखी संथ पसरली. "गोड हाय गं," वन्सं पुटपुटल्या.

दुसरी रचना आजच्या काळातली. माणसाहून उंच तंतुवाद्यं इतक्या खर्जात घुमू लागली, की तो ध्वनी कानांआधी खुर्चीच्या हातांत जाणवला. मागून पडघम, आघाताविना, नुसता थरथरत त्यात मिसळला. वन्संनी चपला काढून उघडी पावलं फरशीवर टेकवली. माझं मनगट त्यांनी घट्ट धरलं.

"हे वरनं येतंय का खालनं?"

"वाजवतायत ते, वन्सं. समोर बघा. चला, बाहेर जाऊ."

"न्हाय. बस तू. संपेस्तवर ऐकू दे मला."

घुमणं वाढत गेलं. छताचे दिवे हलताहेत असं मलाच वाटू लागलं. ज्या काळोख्या सुरांत मी इतकी वर्षं सुखानं रमले, ते कुणाच्या आयुष्यात खरोखर जमिनीखालून आले असतील, हे कधी मनात आलं नव्हतं. वन्सं मात्र डोळे मिटून, मान तिरपी करून, त्या गर्जनेआडचं काही वेचून काढावं तशा ऐकत होत्या. मग स्वर विरत विरत नाहीसा झाला. टाळी वाजवायचं कुणाला सुचेना.

बाहेर पायरीवर त्या टेकल्या. "तवा असाच आवाज होता. त्यात आई हाक मारत होती. माझं नाव घेतलं का भावाचं, कळलंच न्हाय. वाटलं, आज तरी ऐकू येईल."

"आलं?"

हातातल्या चपला पायांत सरकवून त्या उठल्या.

घरी पोचलो तेव्हा नवरा दारात उभा होता. "कसा झाला कार्यक्रम?" त्यानं विचारलं. वन्सं जवळ गेल्या, आणि चाळिशीला आलेल्या त्या भावाच्या केसांतला भुसा बोटांनी हलकेच झाडत त्याच्याकडे पाहत राहिल्या. त्या नजरेत माया होती, की आईच्या त्या हाकेचा इतकी वर्षं जपलेला हेवा, ते मला अजूनही उमगलेलं नाही.