एका वेळी एकच बदल

म्हैसूरला आमच्या विजयनगरच्या गल्लीत सकाळी साडेसातला एक गाडी सुरू होते, आणि मी चहाचा कप घेऊन फाटकाशी जाऊन उभा राहतो. सून मृदुला म्हणते, "आबा, रोज काय बघता हो त्या गाडीत?" तिला काय सांगू! अहो, दारं दोन, बसायला माणसं दोन, पोट जमिनीपासून वीतभर वर, आणि जी जन्मालाच आली पळण्यासाठी, अशी गाडी एक बाई रोज कामाला नेते. हे बघायचं नाही तर काय बघायचं?

बाईचं नाव सुप्रीता. आमच्या शेजारच्या तिरुमलरावांची सून. ती फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणजे सांधे धरलेल्या माणसांना पुन्हा हलायला शिकवते. तिचा दवाखाना बैलकुप्प्याला, तिबेटी लोकांच्या वसाहतीत. तिथले भिक्षू लहानपणापासून मांडी घालून बसतात, त्यामुळे उतारवयात गुडघे कुरकुरतात. साडेनवाला पहिला गुडघा हजर असतो. ऐंशी किलोमीटर जायचं, तितकंच परत यायचं, आठवड्यातून पाच दिवस.

ती इथल्याच अग्रहार भागातल्या जुन्या मराठी घरातली. घरात मराठीच, पण मध्येच कानडीचा घास येतो. तिचे वडील पाहुण्यांना राजवाडा-चामुंडी दाखवणारी टॅक्सी चालवायचे. सुट्टीत ती शेजारच्या सीटवर बसायची आणि म्हणायची, "अप्पा, जोरात!" ते म्हणायचे, "साठच्या वर गेलं की गिऱ्हाइकाच्या पोटातला डोसा वर येतो." अशी पंधरा वर्षं साठच्या आत काढलेली ही मुलगी. पुढे स्वतःच्या कमाईतून तिने ही सेकंड हँड विलायती गाडी घेतली, आणि घेतली त्या दिवसापासून ती आणखी चांगली कशी होईल याची वही सुरू केली.

ती वही मी पाहिली आणि मला आमच्या खानापूर तालुक्यातला केरबा आठवला. त्याचा पाखऱ्या नावाचा बैल शर्यतीत पहिला यायचा. बायको म्हणाली, "एवढी पेंड खातो, जरा नांगरही ओढू दे की." केरबाने आठ दिवस जुंपला. पुढच्या शर्यतीत पाखऱ्या निम्म्या वाटेपर्यंत वाऱ्यासारखा गेला, आणि मग काय मनात आलं कोण जाणे, बांध आल्यासारखा शिस्तीत वळून परत आला! लोक हसून लोळले.

मी सुप्रीताला म्हटलं, "पोरी, तू आधी नांगराला जुंपलास आणि आता शर्यतीला नेणार?"

"शर्यत नाही हो आबा. नांगराचाच बैल. स्वल्प हुशार पाहिजे, अष्टे, एवढंच."

हुशार करायचं काम रणोजीरावांकडे. साठीचा गडी, पिढ्यानपिढ्या म्हैसूरचाच, पांढऱ्या मिशा, आणि गॅरेज असं स्वच्छ की जमिनीवर पान वाढावं. पण त्यांची रीत मोठी मजेची. ते आधी पान्याला हात लावत नाहीत. आधी तीन दिवस मालकाशेजारी बसून त्याच्या रोजच्या रस्त्याने जातात. खिशात चिंचोके. रस्त्यावर स्पीडब्रेकरचा हंप आला की एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात. तिसऱ्या दिवशी त्यांनी डावा खिसा आमच्या ओट्यावर रिकामा केला. एका खेपेचे सदुसष्ट! वेगळ्या रुमालात नऊ.

"हे नऊ कसले?" मी विचारलं.

"या नऊ जागी पोट घासलं. आणि या बाईच्या वहीत पहिलंच काय लिहिलंय? गाडी आणखी खाली घ्यायची!"

सुप्रीताने मुकाट्याने ते खोडलं. मोठ्या आवाजाचा सायलेन्सरही खोडला, कारण रणोजीराव म्हणाले, "लोक ध्यानाला बसलेत आणि तुम्ही दारातून गर्जत जाणार काय?" मग ठरलं ते असं. आधी टायर, कारण रस्त्याला धरतं ते टायर. मग ब्रेक, कारण पळणाऱ्याला थांबता आलं पाहिजे. आणि जोर वाढवायचा तो सगळ्यात शेवटी, इंजिनाच्या मेंदूला लॅपटॉप लावून. मात्र एका वेळी एकच बदल, त्यावर हजार किलोमीटर, मगच दुसरा.

"एवढी सबुरी कशाला?" मी म्हटलं.

"आबा, आमटीत मीठ, गूळ, तिखट एकदम टाकलं आणि बिघडली, तर शिव्या कुणाला देणार?"

मला हे इतकं पटलं की घरी येऊन मी आमटीवर प्रयोग केला. मृदुला दोन दिवस बोलत नव्हती, ते जाऊ द्या.

तिरुमलरावांना मात्र हे काही पटत नव्हतं. ते गणिताचे मास्तर, निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी खडू हातात असल्यासारखं बोलतात. "ज्यांनी गाडी बनवली त्यांना अक्कल नव्हती, आणि रणोजीला आहे?" एका रविवारी त्यांनी माझ्यासमोरच सुनेला अट घातली. "कर तुझी उठाठेव. पण या उठाठेवीपायी एक दिवस जरी दवाखान्यात उशिरा पोचलीस, तर ही विकायची आणि आपली चार दारांची घेऊन जायची. कबूल?"

"कबूल, मामंजी."

बाहेर आल्यावर मी तिला रागावलो. "कबूल काय म्हणतेस? पंक्चर धरायचं नाही, पाऊस धरायचा नाही, असं काहीतरी घालून घ्यायचंस की!"

"नको आबा. ते बरोबरच आहेत. माझे पेशंट जिना चढून येतात, कठडा धरून. त्यांना ताटकळत ठेवून मी कसली गाडी मिरवू?"

टायर झाले, ब्रेक झाले, पावसाळा पार पडला. आयुधपूजेच्या दोन दिवस आधी रणोजीरावांनी लॅपटॉप लावला. मी स्टूल टाकून तिथेच. पडद्यावर नुसते आकडे. मी विचारत गेलो, ते सांगत गेले. इंजिन हवा ओढतं, हवा जितकी गार तितका जोर जास्त, आणि आता ही पूर्वीपेक्षा जास्त हवा मागणार. मला सगळं कळलं असं नाही, पण न कळण्यातही मजा असते.

मग आयुधपूजा. इथे त्या दिवशी कात्रीपासून बसपर्यंत सगळ्यांना कुंकू लागतं. तिरुमलरावांनी तक्रार बाजूला ठेवून सुनेच्या गाडीची पूजा स्वतः केली. चाकांखाली लिंबं, समोर कोहळा, आणि पुढे बांधायला झेंडू-शेवंतीची मनगटाएवढी जाड माळ. इकडून तिकडे तीन पदर. माळ आपण काढायची नसते, वाळून आपोआप पडायची, तेही त्यांनी बजावलं. गाडी अशी सजली की मीच नमस्कार केला.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली. शेजारची सीट रिकामी, मला बैलकुप्प्याची सोनेरी मंदिरं बघायची होती आणि नवा जोरही. मग काय, बसलो.

वाटेतल्या हुणसूरपर्यंत मी लहान मूल झालो होतो. पुढे चढ लागला, आणि सुप्रीता एकदम सरसावून बसली. पाय दाबलेला, पण गाडी ओढेना. मागचा ट्रक हॉर्न वाजवून पुढे गेला. तापमानाचा काटा चढत होता. तिने गाडी झाडाखाली घेतली, इंजिन बंद केलं आणि घड्याळ पाहिलं. आठ पन्नास.

"आय्यो आबा," ती म्हणाली, "गेली माझी गाडी."

तिने रणोजीरावांना फोन लावला, मलाही ऐकू जाईल असा. पलीकडून एकच प्रश्न. "काय बदललं?"

"तुम्ही केलंत तेवढंच."

"आणखी?"

"काही नाही हो, देवाशप्पथ!"

"काहीतरी असणार. लॅपटॉप लावल्यावर शनिवारी मी हाच चढ दोनदा चढलोय. नीट आठवा."

ती आठवत बसली. पेट्रोल तेच, ऑईल तेच, टायरमधली हवा तीच. मी उतरलो, कारण बसून राहायची मला सवय नाही. बंद गाडीतही पुढे कुठेतरी पंखा घोंघावत होता. तो हवा ओढतो कुठून ते बघावं म्हणून मी समोर हात धरला. वरून वारा जाणवेना, खालून जाणवेना. पाकळ्या तेवढ्या आत ओढल्या जाऊन जाळीला गच्च चिकटलेल्या. आता खळ्यावर मळणीच्या वेळी धान्य खाऊ नये म्हणून बैलाच्या तोंडाला मुसकं बांधतात, ते मी आयुष्यभर बघितलेलं!

"अगं पोरी!" मी ओरडलो. "हिला मुसकं बांधलंय!"

फोनमधून रणोजीराव, "काय बांधलंय?"

"माळ! तीन पदरी!"

रणोजीराव खो खो हसायला लागले. "चाळीस वर्षं हेच काम करतोय, आणि विचारायचं सुचलं नाही! माळ म्हणजे बदल असं आपल्याकडे कुणाला वाटेल हो? काढा ती, आणि काटा खाली येईपर्यंत हलू नका."

सुप्रीता गाडीसमोर उभी राहिली. हात पुढे नेला, मागे घेतला. "मामंजींनी बांधलीय. आपण काढायची नसते."

"मी काढतो. मी तुमच्या घरातला नाही, मला पाप लागलं तर खानापूरला लागेल."

माळ सोडून मी झाडाच्या बुंध्याला नीट गुंडाळली. वीस मिनिटं आम्ही काट्याकडे बघत बसलो. नंतर गाडी अशी निघाली की चढ कुठे होता तेच कळलं नाही. पण वाटेतले हंप काही कमी झाले नव्हते, आणि ती घाईतही प्रत्येकापाशी थांबली. पोचलो तेव्हा नऊ सत्तेचाळीस. एक म्हातारे भिक्षू बाकावर गुडघा चोळत बसले होते. ते हसले. तिला हसता आलं नाही.

संध्याकाळी ती आधी सासऱ्यांच्या खोलीत गेली. मी मागोमाग. तिने माळेचं नाव आधी घेतलंच नाही. "मामंजी, सतरा मिनिटं उशीर झाला," एवढं म्हणून किल्ली पुढे केली.

मला कुठलं राहवतंय! मी सगळं सांगून टाकलं, मुसक्यासकट. तिरुमलराव ऐकत राहिले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"उशीर तो उशीर," ते म्हणाले.

"होय, मामंजी."

"पण अट काय होती? उठाठेवीपायी उशीर. ती माळ ही तुझी उठाठेव नव्हे, माझी आहे." मग म्हणाले, "हे आबा सांगतात म्हणून मी मानणार नाही. पडताळा पाहिजे. उद्या मी येतो. माळेशिवाय."

दुसऱ्या दिवशी त्या दुसऱ्या सीटवर तिरुमलराव. त्यांना आत बसवायला सुप्रीता, मृदुला आणि मी असे तिघे लागलो, एकेक पाय आत घालत. गाडी कोपऱ्यावरून वळली आणि मी फाटकाशी उभा, चहा गार होईपर्यंत. नऊला फोन हातात घेतला, खाली ठेवला. सव्वानवाला तो वाजला.

"नऊ बाराला पोचलो," तिरुमलराव म्हणाले. मागे सुप्रीताचं हसू ऐकू येत होतं. "तो हुणसूरच्या पुढचा चढ, अहो आबा, काटा जागचा हलला नाही! मी स्वतः बघत होतो."

"मग विकायची नाही ना?"

"कोण विकतंय? ते राहू द्या, मला सांगा, रणोजी आज गॅरेजवर आहेत का? ही शेजारची सीट फार खाली आहे, माझं डोकं काचेच्या खालच्या कडेला येतं. दोन बोटं वर घेता येईल का विचारायचंय. आणि हो, त्यांना म्हणावं, तेवढी सीटच करा, दुसरं काही त्याबरोबर करू नका."