पुन्हा येईन असं सांगू नका

लाखनीजवळच्या मुलींच्या अनाथाश्रमात परदेशातून एक ख्रिस्ती गट भेटीला आला होता. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो, त्यामुळे दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं. बाकीचे पाहुणे मुलींना गाणी शिकवण्यात रमले. त्यांच्यातली साठीची एक बाई मात्र एका जागी थांबत नव्हती. व्हरांड्यात यायची, पुन्हा आत जायची, टोपीची दोरी बोटाभोवती गुंडाळत राहायची. तिचं नाव मी विचारलंच नाही.

निघताना एका लहान मुलीनं तिचा हात धरला आणि मला म्हणाली, "सर, बाईले इचारा ना, वापस कधी येशीन म्हणा."

मी विचारलं. बाईचा चेहरा उतरला.

"मी येईन असं सांगू नका," ती हळूच म्हणाली. "दुसऱ्या एका देशात एका मुलीला तसं सांगून आले होते. ती मुलगी दर रविवारी फाटकाशी उभी राहायची, हे मला फार उशिरा कळलं."

मी मुलीला सांगितलं, "बाई नाही येणार म्हणते."

मुलगी लगेच म्हणाली, "मंग आता जेवून जाय म्हणा. भात होऊनच राहिला."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजत राहिला. बाई मुलींच्या पंगतीत बसून वरणभात जेवली.

मला घरी सोडायला निघालेल्या गाडीत ती सारखी मागे वळून पाहत होती.

"तिला वाईट वाटलं असेल का?"

मी नाही म्हणालो. तिनं पुन्हा तेच विचारलं.