झाडामागं काय हाय?

धर्मेंद्रच्या घरांना झाडं फार असायची. घरं म्हणजे खरी नव्हेत, कॉम्प्युटरमधली. दोन हजार चार-पाचच्या सुमाराला वर्ध्यात लोक त्याच्याकडे घर बांधायच्या आधीच ते पडद्यावर उभं राहिलेलं पाहायला यायचे. त्याची खोली माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागूनच. त्याचं कॉम्प्युटरवर ओरडणं मला भिंतीतून ऐकू यायचं, आणि माझा चहा त्याला न मागता पोचायचा.

पोरगा हुशार. आयटीआयचा ड्राफ्ट्समन, हात स्वच्छ. पण ते घरं काढायचं सॉफ्टवेअर त्याने नागपूरच्या एका मित्राकडून सीडीवर आणलेलं. शिकवणारा कोणी नाही, सोबत पुस्तक नाही, अडलं तर विचारायची सोय नाही. आणि अडायचं तर रोजच. खिडकी भिंतीतून निम्मी बाहेर लोंबकळायची. जिना वर चढून स्लॅबला डोकं आपटायचा, कारण तिथं भोक पाडायचं राहून जायचं. धर्मेंद्र पुसायचा, पुन्हा काढायचा, मशीन बंद करून चालू करायचा. एकदा तर त्याने कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळली. तेवढ्यात भारनियमनाची वेळ व्हायची आणि सगळंच काळं पडायचं.

मग त्याला एक युक्ती सापडली. सॉफ्टवेअरमध्ये तयार झाडं होती. जिथं जुळत नाही तिथं झाड लावायचं. गिऱ्हाईक खूश. ‘धर्मेंद्रभाऊच्या घरात हिरवळ लय असते,’ असं लोक म्हणू लागले, आणि हा लाजून हसायचा. मी एकदा म्हटलं, ‘अरे, तुझी घरं पाहायला एक दिवस वनखातं येईल.’ त्यावरही तो हसला.

अशात कारंज्याहून प्रभाकरराव आणि कौशल्याबाई आले. त्यांचं हायवेजवळ किराणा दुकान, आणि सगळा संसार दुकानाच्या मागच्या खोलीत झालेला. आता स्वतःचं घर बांधायचं होतं. कौशल्याबाईंची मागणी एकच. “देवघर समोरच्या कोपऱ्यात पाह्यजे भाऊ. आल्यागेल्याले दिसलं पाह्यजे. अन् वर लाल कवेलूचं उतरतं छप्पर.”

तिथंच गाडं अडलं. पोर्चचं कौलारू छप्पर आणि देवघरावरचं छप्पर एकमेकांना मिळेनात. कोपऱ्यात काळी फट राहायची. कधी एक छप्पर दुसऱ्याच्या पोटात घुसायचं, कधी दोन्ही रुसल्यासारखी दूर सरकायची. आठवडाभर भिंतीतून नुसते उसासे ऐकले मी. शेवटी गिऱ्हाईक यायच्या दिवशी सकाळी त्याने त्या कोपऱ्यासमोर एक डेरेदार झाड उभं केलं. झाड कुठल्या देशातलं होतं देव जाणे, पण कौशल्याबाईंनी पडद्याजवळ तोंड नेलं आणि म्हणाल्या, “अवो, हा तं बकुळ! आमच्या माहेरच्या अंगणातला!” त्यांचे डोळे भरून आले होते.

त्या चित्राची रंगीत प्रिंट माझ्या दुकानात निघाली. भूमिपूजनाला ती पाटावर नारळाशेजारी ठेवली, तिला हळदकुंकू लागलं. आणि चित्रात झाड जिथं होतं, तिथं कौशल्याबाईंनी त्याच दिवशी बकुळीचं रोप लावलं.

पाया भरून भिंती वर आल्या तेव्हा ते घर बांधणारा रूपराव मिस्त्री एसटीने वर्ध्याला आला. हातात तीच प्रिंट, हळदीची बोटं उमटलेली. धर्मेंद्रसमोर दोन नवीन गिऱ्हाइकं बसली होती. रूपराव दारातच उभा राहून म्हणाला, “साहेब, झाडामागं काय हाय? दोन्ही छपरं तिथं कशी भेटतेत, ते मले दिसूनच नाई राह्यलं.”

धर्मेंद्र घरी आमच्यासारखी वऱ्हाडीच बोलतो. पण गिऱ्हाइकांसमोर त्याला पुण्याची मराठी सुचायची. मान न वळवता तो म्हणाला, “चित्रात आहे तसंच करा. बाकीचं आमच्यावर सोडा.”

रूपराव “बरं” म्हणून प्रिंटची घडी घालून गेला. मी त्याला चहा विचारला, तर त्याला बस गाठायची होती.

त्याने आपल्या अंदाजाने तो कोपरा भरला, आणि पावसाळ्यात तो गळला. देवघराची भिंत वरपासून खालपर्यंत ओली झाली. कारंजा लहान गाव. बाजारात कोणाच्या फुटक्या छत्रीतून पाणी आलं तरी पोरं म्हणायची, ‘रूपराव मिस्त्रीनं शिवली काय?’ तळेगावच्या एका घराचं काम त्याला मिळणार होतं, ते दुसऱ्याकडे गेलं. हे सगळं आम्हाला कळलं प्रभाकरराव वास्तूचं आमंत्रण घेऊन आले तेव्हा. “तुमचं चित्र तं झकास होतं भाऊ,” ते म्हणाले. “मिस्त्रीनं नास केला. देव आता सैपाकघरात ठेवा लागते. हिनं दोन दिवस धड जेवण नाई केलं.”

धर्मेंद्र टेबलावरची पेन्सिल फिरवत बसला.

ते गेल्यावर त्याने ते घर पुन्हा उघडलं, आणि पहिल्यांदाच झाड पुसलं. संध्याकाळी त्याने मला आत बोलावलं. पोर्चची भिंत त्याने देवघराच्या भिंतीपेक्षा बुटकी काढली होती. छप्पर भिंतीवर बसतं. भिंतीच सारख्या नाहीत, तर छपरं भेटणार कुठून? त्याने माझ्यासमोर उंची सारखी केली आणि दोन्ही छपरं गपकन जुळली. मी म्हटलं, ‘चला, जमलं एकदाचं!’ त्याचा चेहरा पाहून मला माझीच जीभ चावावीशी वाटली. इतके दिवस तो त्या सीडीला शिव्या घालत होता. ती बिचारी पहिल्या दिवसापासून फट दाखवतच होती.

वास्तूला आम्ही दोघं एसटीने गेलो. आमच्याकडे वास्तूला टोपी-दुपट्ट्याचा पहिला मान मिस्त्रीचा. त्या दिवशी पहिलं नाव पुकारलं गेलं ते धर्मेंद्रभाऊंचं. डोक्यावर टोपी, खांद्यावर दुपट्टा, हातात नारळ, आणि लोकांच्या टाळ्या. रूपराव मांडवाच्या कडेला पाण्याच्या ड्रमजवळ उभा होता. त्याला कोणी बोलावलं नाही. धर्मेंद्रने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि नारळ दुसऱ्या हातात घेतला. मला त्याचा राग आला, आणि कीवही आली.

मग कौशल्याबाई धर्मेंद्रला बकुळीजवळ घेऊन गेल्या. रोप गुडघ्याएवढं झालं होतं. “तुमच्या हातानं पाणी घाला,” त्या म्हणाल्या. ड्रमातून तांब्या भरून आणला रूपरावनेच. तो धर्मेंद्रच्या हातात देताना हळूच म्हणाला, “मले अजून बी समजलं नाई साहेब. या झाडामागं काय होतं?”

टोमणा नव्हता तो. माणूस खरंच विचारत होता.

“काईच नव्हतं, रूपरावभाऊ,” धर्मेंद्र म्हणाला. पुण्याची मराठी कुठल्या कुठे गेली होती. “मले जमलं नाई, म्हून झाड लावलं.” मग त्याने मान वर केली आणि प्रभाकररावांना ऐकू जाईल असं बोलला, “भिंतीची उंची मीच चुकवली. मिस्त्री विचाराले आलता. मीच सांगतलं नाई.”

रूपराव ओट्याच्या पायरीवर बसला. “त्या दिवशी सांगतलं असतं,” तो म्हणाला, “तं दोघं बसून काईतरी काढलं असतं ना, भाऊ.” साहेब म्हणायचं त्याने तिथंच सोडलं.

कौशल्याबाई आत जाऊन दुसरी टोपी आणि दुपट्टा घेऊन आल्या. प्रभाकररावांनी ते दोन्ही रूपरावला सगळ्यांसमोर घातलं. धर्मेंद्र स्वतःची टोपी काढून परत द्यायला लागला, तर बाईंनी हात धरला. “राहू द्या. देल्लेलं परत नाई घेत आमी.” त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तो टोपी घालूनच पंगतीला बसला. लोक वाढताना त्या टोपीकडे पाहत होते. त्याने पुरणपोळी नुसती कुस्करली. मी शेजारून पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवला.

उन्हाळ्यात रूपरावने तो कोपरा फोडून पुन्हा केला, टेपचं दुसरं टोक धरायला धर्मेंद्र गेला होता. देव देवघरात आले. तळेगावचं काम मात्र गेलं ते गेलंच.

आता रूपराव मधून मधून वर्ध्याला येतो, नवीन कामाचं चित्र पाहायला. धर्मेंद्र त्याला आपल्या खुर्चीत बसवतो आणि स्वतः मागे उभा राहतो. पडद्यावर कुठं झाड दिसलं की रूपराव हसत विचारतो, “झाडामागं काय हाय, भाऊ?” खोलीतले सगळे हसतात. धर्मेंद्र झाड पुसतो आणि त्याला मागचा कोपरा दाखवतो. तेव्हा त्याचे कान अजूनही लाल होतात.