माझ्या वाट्याचे झिंगे

बाईंनी उठून खिडकी उघडली.

एसी चालू होता. बाहेर चंद्रपूरचं मार्चमधलं ऊन, कोळशाच्या ट्रकांची धूळ. तरी उघडली. मी फक्त 'सुकवलेले झिंगे' एवढंच म्हणाले होते. खोलीत झिंगे नव्हते. नुसता शब्द होता.

आणि मी म्हणाले, "सॉरी मॅडम."

माझ्या आयुष्यातली समुपदेशनाची ती पहिली भेट. काय होतं तिथे, कसं बोलायचं, काही ठाऊक नव्हतं. आमच्या गावातलं कोणी अशा ठिकाणी कधी गेलेलं नाही. म्हणून मी फाईल नेली होती. दहावीपासूनच्या गुणपत्रिका, बी.एड., जातीचा दाखला, जात वैधता, सगळं ओळीनं लावलेलं. टेबलामागे माणूस बसलेला असला की कागद लागतात, एवढंच मला शाळेपासून शिकवलं गेलं. कागद नसले की परत पाठवतात. म्हणून बसताबसता मी फाईल टेबलावर ठेवली.

बाई हसल्या. वाईट हसल्या नाहीत. "अहो, हे नाही लागत इथे," म्हणाल्या. पण एका बोटानं पानं उलटत गेल्या आणि दाखल्यापाशी थांबल्या.

"धीवर. म्हणजे मासे पकडणारे ना? वाटत नाही हं तुमच्याकडे बघून."

मी म्हणाले, "थँक्यू मॅडम."

हे मी आज लिहिते आहे आणि माझा हात थांबतो आहे. मी थँक्यू म्हणाले.

मला सवयच ती. मी सिंदेवाहीजवळच्या खेड्यातली. घरात पहिली पदवी माझी. वसतिगृहाच्या वॉर्डनला धन्यवाद, फॉर्मवर सही देणाऱ्या बाबूला धन्यवाद, उरलेली पुस्तकं देणाऱ्या मुलींना धन्यवाद. त्यातल्या पुष्कळांनी खरंच उपकार केले, ते मी विसरत नाही. पण धन्यवाद म्हणताम्हणता मान किती खाली गेली, ते कळलं नाही.

बाईंनी मग सगळं नीट समजावून सांगितलं. इथे बोललेलं बाहेर जाणार नाही. एका कागदावर सही करा. भेट पन्नास मिनिटांची. समोर भिंतीवर घड्याळ होतं, टेबलावर टिश्यूचा डबा. "सांगा, काय त्रास होतो?"

त्रास गळ्याचा होता. मी राजुऱ्यात एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. वर्गात कोणी "मॅडम" म्हणून हाक मारली की माझा गळा आवळतो. आवाज निघत नाही. दिवसातून शंभरदा मॅडम ऐकणाऱ्या बाईचा असा गळा आवळला तर नोकरी कशी व्हायची? घशाच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही. त्यांनीच इथे पाठवलं.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

कधीपासून, ते मला पक्कं माहीत होतं. मागच्या वर्षीच्या होळीनंतर. परीक्षेचे दिवस होते, स्टाफरूम भरलेली. दारात बाबा उभे राहिले. धोतर गुडघ्यापर्यंत, पायात धुळीनं पांढऱ्या पडलेल्या चपला, हातात कापडी पिशवी. न सांगता आले होते. पिशवीचा वास आधी आत आला.

आमचे एक वरिष्ठ सर नाकाला रुमाल लावून म्हणाले, "काय मॅडम, मासोळी बाजार आता कॉलेजातच भरवून राह्यले का लोकं?"

सगळे हसले. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण बाबा माझ्याकडे पाहत होते.

मी म्हणाले, "आमच्या गावाकडचे आहेत. मासे विकतात."

बाबांनी ऐकलं. एक क्षण पिशवी तशीच हातात. मग त्यांनी ती दारापाशी ठेवली, दोन्ही हात जोडले. मला.

"बरं मॅडम. येतो मी."

कधी शाळेत न गेलेल्या माणसानं माझं खोटं पुरं केलं. पोरीची इज्जत राहावी म्हणून तो तिचा बाप राहिला नाही. जिना उतरताना त्यांच्या चपलांचा आवाज मी ऐकत बसले. उठले नाही. ती पिशवी मी शिपायाला देऊन टाकली. उघडून पाहिलीसुद्धा नाही.

संध्याकाळी आईचा फोन आला. "भेटले का वो तुह्या वाट्याचे झिंगे?"

आमच्याकडे होळीनंतर तलावाचं पाणी उतरलं की सगळं गाव मिळून मासोळी धरते. मग पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पळसाची पानं मांडून वाटे घालतात. ज्यानं जाळं ओढलं त्याला वाटा. जो बाहेरगावी गेला त्याचा वाटा जातो, पण त्याच्या नावानं घरच्या कोणी दुसऱ्यांदा पाण्यात उतरून जाळं ओढलं, तर राहतो. मी गाव सोडल्यापासून बाबा दरसाल दोनदा उतरतात. एकदा घरच्या नावानं, एकदा माझ्या. त्या पिशवीत माझा वाटा होता. माझं गावातलं नाव होतं.

हे सगळं मी समुपदेशक बाईंना सांगत होते. झिंगे म्हटलं, तेव्हा त्यांनी खिडकी उघडली. मी सॉरी म्हणून पुढे सांगितलं. सगळं सांगितलं. खूप रडले.

त्यांनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला. मऊ आवाजात म्हणाल्या, "स्वतःला दोष देऊ नका. वडील असे अचानक, त्या अवतारात येऊन उभे राहिले. कोणालाही लाज वाटलीच असती. तुम्ही त्यातून किती वर आलात. आता ते सगळं मागे सोडायला शिकायचं."

खरं सांगते, मला हलकं वाटलं. वर्षभर जे ऐकायचं होतं ते ऐकलं. तुझी चूक नाही. मी दोनदा धन्यवाद म्हणून बाहेर पडले.

राजुऱ्याच्या बसमध्ये खिडकीपाशी बसले. वर्धा नदीच्या पुलावर बस हळू झाली. खाली कमरेइतक्या पाण्यात एक माणूस जाळं फेकत होता. मी मान फिरवली. अगदी सवयीनं, डोळ्यांत कचरा जाऊ नये म्हणून फिरवतो तशी.

मग कळलं मी काय केलं ते.

आणि बाईंनी काय केलं, तेही. त्यांनी मला माफ केलं, कारण माझ्या जागी त्यांनीही तेच केलं असतं. त्यांच्या हिशेबी चूक माझी नव्हतीच. चूक बाबांची. त्यांच्या धोतराची, पिशवीची, दारात येऊन उभं राहण्याची. एवढी स्वस्त सुटका मी हात पसरून घेतली होती. एका वर्षात मी बापाला दुसऱ्यांदा दारात उभं केलं होतं, आणि या वेळी हलकं वाटून घेतलं होतं.

पुढच्या आठवड्यात मी परत गेले. फाईल नेली नाही.

बसल्याबसल्या विचारलं, "मॅडम, मागच्या वेळी तुम्ही खिडकी काऊन उघडली?"

काऊन. किती वर्षांनी तो शब्द शहरातल्या खोलीत माझ्या तोंडून निघाला.

"कोणती खिडकी?"

त्यांना आठवतच नव्हतं.

"मी झिंगे म्हणाले तेव्हा."

"आमच्याकडे घरात चालत नाही. सवयीनं झालं असेल. तुम्ही फार मनावर घेता, यावरही आपण काम करू."

मी म्हणाले, "मी अपराध केला म्हणून इथं आले. तुम्ही म्हणता, अपराध झालाच नाही, कारण माझा बाप लाज वाटण्यासारखाच आहे. ही माफी मले नको."

घड्याळात पुष्कळ मिनिटं बाकी होती. मी उठले. धन्यवाद म्हणाले नाही.

समुपदेशक आपल्याला जोखते तसं आपणही तिला पहिल्या भेटीत जोखायचं असतं, प्रश्न विचारायचे असतात, पटलं नाही तर दुसरी शोधायची असते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ज्यांच्या घरातलं कोणी कधी गेलं नाही त्यांना कोण सांगणार? म्हणून मी इथे लिहून ठेवते. मी दुसरी शोधली. पहिल्याच भेटीत बाबा काय करतात ते तिला सांगितलं आणि तिच्या तोंडाकडे पाहत बसले. कागद एकही दाखवला नाही.

त्या भेटीनंतरच्या रविवारी गावात वाटे होते. मी गेले. बाबा घरच्या नावानं जाळं ओढून काठावर आले होते, धापा टाकत होते, दुसऱ्यांदा उतरायच्या तयारीत. मी सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि त्यांच्या आधी पाण्यात गेले.

"आता व माय," शेजारची काकू काठावरून ओरडली, "मॅडमबाई उतरली चिखलात. जाळं धरता येते का विसरली वो?"

विसरले होते. दोरी हातातून निसटली. बाबांनी शेजारी येऊन ती कुठे धरायची ते दाखवलं.

वाटे पडल्यावर ते पाळीवर बसून जाळ्यातला कचरा काढत होते. मी शेजारी बसले. "बाबा, त्या दिवशी कॉलेजात मी तुमाले..."

"मालूम हाय."

"माझी चूक झाली बाबा."

त्यांनी जाळ्यातून एक काडी काढली, फेकली. वर पाहिलं नाही.

"मले सांगून काय होते? मी तुहा बाप हाय, हे मले मालूम हाय. ज्याहिले मालूम नाई त्याहिले सांग."

मग उठले, जाळं खांद्यावर टाकलं आणि घराकडे चालू लागले. जाऊ दे म्हणाले नाहीत. पाठीवर हात ठेवला नाही. मी वाट पाहत होते, पण ठेवला नाही. तो त्यांचा हक्क आहे.

गळा अजून आवळतो. दुसरी समुपदेशक म्हणते, वेळ लागेल. लागू दे.

या सोमवारी पेपर तपासायला सगळे स्टाफरूममध्ये असतील. ते रुमालवाले सरही. माझ्या पिशवीत या वर्षीचे झिंगे असतील, माझ्या हातानं ओढलेले, वाळवलेले. दार उघडताच वास आधी जाईल, जाऊ दे. मी दारात उभी राहीन, तिथेच, आणि सांगेन: मागच्या वर्षी इथे उभा होता तो माझा बाप. मी खोटं बोलले होते.

खिडकी ज्याला उघडायची त्यानं उघडावी. मी सॉरी म्हणणार नाही.