आन् मग धारा कोन काढतंय?

"आन् मग धारा कोन काढतंय?" लुडी स्टॉलकपनं पुस्तक टेबलावर आपटलं. "ह्यो गडी नदीनं निघाला. मागल्या म्हैन्यातला समिंदरावर गेला. त्येच्या आदीचा निस्ता रस्त्यानं हुंदडला. ह्यांच्या घरी गाय आसल का न्हाई? तिच्याबद्दल एक आक्षर न्हाई!"

दर गुरुवारी दुपारी आम्ही मिझुरीच्या डोंगरातली दहाबारा माणसं चर्चच्या तळघरात आपल्या अमेरिकेची पुस्तकं वाचायला जमायचो. कॉफी कडू, वाद गोड.

मर्ल हचिन्स हसला. "आपली पुस्तकं आशीच की, लुडे. एकटा मानूस, म्होरं मोकळं रान. कुनाचं काय घ्यायचं न्हाई, आपलं आपून नव्यानं हुबं ऱ्हायाचं. आन् सांगायचं ते आपल्याच बोलीत."

"रान बगाया गेलेला येक माज्याबी घरात हुता," ती म्हणाली.

तिचा नवरा हार्लन लाकूडतोडीला ऑरेगनला गेला तो तिकडंच राहिला. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची गाडी आली, तेव्हा लुडीचे कॅन दारात भरून तयार होते. वादळात गोठ्याचं छप्पर उडालं, तेव्हा आम्ही हातोडे घेऊन गेलो. तिनं कॉफी पाजली आणि सगळ्यांना परत धाडलं. शेजाऱ्याचं भांडं इथं कुणीच रिकामं परत देत नाही. पण लुडीकडं गेलेलं भांडं दिवस मावळायच्या आत भरून माघारी यायचं. कुणाचं उसनं रात्रभर घरात ठेवायचं नाही, असा तिचा हट्ट. पुस्तकातल्या गड्यांना ती शिव्या घालायची, पण होती त्यांच्यातलीच.

आता मोंटानात तिच्या लेकीला, रोवेनाला, मुलगी झाली होती. लुडीला जायचं होतं. पण गाई? आम्ही धारा काढतो म्हटलं तर ती विषयच बदलायची.

तिचं बोलणं ऐकून मर्ल उठला, गाडीत जाऊन आला आणि टेबलावर एक निळं काचेचं भांडं ठेवलं. बुडाला चिकटपट्टी, तिच्यावर लिहिलेलं, 'स्टॉलकप'.

"एडना वारली तवा ह्यात तू बीन्स आनल्या हुत्यास," तो म्हणाला. एडना त्याची बायको. "मला रांधता येत न्हाई. रिकामं कसं दिऊ? दोन वर्सं भांडी घासताना ह्ये बगतोय आन् मान खाली घालतोय."

"मेल्या! आन् म्या सारं घर पालथं घातलं!"

"पंधरा दिस तुज्या गाईंच्या धारा काडतो. भरलं म्हन, आन् घिऊन जा."

लुडी अंगठ्यानं ती पट्टी घासत राहिली. नको म्हणावं, तर म्हाताऱ्याची मान कायमची खालीच राहणार. एरवी नाही म्हणायला तिला कधी इतका वेळ लागला नव्हता.

"ती बटरकप गाय लाथ मारती," शेवटी ती म्हणाली. "उजवीकडनं गेलास तर दात हातात घिऊन येशील."

"डावीकडनं जाईन."

"आन् भांडं तुज्याकडंच ठिव. म्या मोंटानास्नं आल्यावर घिईन. अजून भरलं न्हाई त्ये." तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं आणि खुर्ची मागं सारली. "ऊठ आता. धारांची येळ झाली. तुजा हात तरी बगू दे."

त्या गुरुवारी पुस्तक अर्ध्यातच राहिलं. आम्ही सगळे तिच्या गोठ्याच्या दाराशी. आत लुडी बाह्या सारून बटरकपची कास धूत होती, आणि मर्ल डाव्या बाजूला, जरा लांबच.